तीन हिसके

माझ्या बापाची सगळ्यांत खोल विहीर एकवीस मीटर.
पहार, घमेलं, आणि एका दोराचा भरवसा.
मी काठावर बसायची, नऊ वर्षांची,
दोर मुठीत, वाऱ्याकडे पाठ.
एक हिसका: घमेलं ओढ.
दोन: ओल लागली.
तीन: मला वर घे.
हाका मारून उपयोग नव्हता.
पातागोनियाचा वारा शब्द तोंडातच मोडतो.

आता रात्रपाळी. अन्येलोच्या पुढं, पठारावर,
पत्र्याची केबिन, दोन पडदे, येर्बाचा तुंबा,
हीटरवर वाळत घातलेले किन्तुलेनचे मोजे.
तीन हजार एकशे बारा मीटर खाली
बिट फिरतंय,
आणि त्याच्या मागं, पोलादी नळीच्या पोटात
माझं यंत्र, खडकाला कान लावून.

तार नाही. तार तिथं टिकत नाही.
एक झडप जराशी मिटते, जराशी उघडते,
चिखलाच्या उभ्या खांबाला धक्का बसतो,
तो अडीच सेकंदांत वर पोचतो.
पडद्यावर एक उंचवटा.
थांबून, अजून एक.
असे वेचून वेचून मी आकडा लावते:
गॅमा एकशे चाळीस, म्हणजे शेल.
रोध चढतोय, म्हणजे छिद्रांत खारं पाणी नाही,
दुसरं काही आहे, ज्याच्यासाठी आम्ही सगळे इथं आहोत.

बास्साल्दो विचारतो, "आत्ता कुठं आहोत?"
मी म्हणते, आत्ताचं मला कधीच कळत नाही.
कान चौदा मीटर मागं आहेत.
जे चावून झालं, ते मला तासाभरानं ऐकू येतं.
तो हसतो.
त्याला वाटतं, मी माझ्या लग्नाबद्दल बोलतेय.

इथं समुद्र होता, हे बापाला कधी पटलं नाही.
"मग मला गोडं पाणी कसं लागलं?"
एकदा घमेल्यात दगडाचा गुंडाळलेला शंख आला.
त्यानं तो दाराला अडसर म्हणून लावला,
अजून तिथंच आहे.

पहाटे पावणेचारला पाइप धरला गेला.
ओढून पाहिला, दाबून पाहिला, हातोडले,
दोन दिवस.
पंप चालू, त्यामुळं यंत्र बोलतच होतं:
गॅमा एकशे चाळीस.
एकशे चाळीस.
एकशे एकोणचाळीस.
एकशे चाळीस.
समोर तोच खडक, तेवढाच.
सगळं काही ते वर पाठवत नाही, गाळून गाळून चिमूटभर देतं.
बाकीचं त्याच्या पोटात लिहिलेलं असतं,
वर आल्यावर वाचायचं, असा आमचा करार.

एकदा मी दोर खुंटाला बांधून
हुकलेल्या शेळीमागं गेले होते.
परत आले तेव्हा दोर ताणलेला,
थरथरत.
किती वेळ, ते त्यानं सांगितलं नाही.
वर आला, हात झटकले, शेळी सापडली का विचारलं.

यंत्रात नखाएवढी किरणोत्सारी गोळी आहे.
तिला उघडं सोडून जाता येत नाही.
नियम असा: पाइप वरून कापायचा,
लाल सिमेंट ओतायचं,
पुढं कधी कुणी इथं खणलंच
तर चुऱ्यात लाल दिसावं, त्यानं थांबावं.
तोंडाशी एक लोखंडी पाटी.

"पंप बंद," बास्साल्दो म्हणाला.
मी दहा मिनिटं मागितली.
कशासाठी, ते मलाच धड सांगता आलं नाही.
त्यानं चार दिली, आणि घड्याळाकडं बघत राहिला.

गॅमा एकशे चाळीस.
गॅमा एकशे
आणि शेवटचा आकडा अर्ध्यातच राहिला.
रेघ सपाट झाली.

अहवालात रकाने असतात.
यंत्र: परत मिळालं नाही.
स्मृती: वाचलेली नाही.
शेरा:
इथं मी बराच वेळ पेन धरून बसले,
मूठ जरा जास्तच आवळलेली.

किन्तुलेन आला, हीटरवरचे मोजे चाचपले.
ओलेच होते.
तसेच घातले त्यानं, आणि बाहेर
सिमेंटचा ट्रक कुठं लावायचा ते दाखवायला गेला.